बोक्याने लिटर बॉक्स सोडला तेव्हा

आमच्या दोन मांजरांपैकी बोक्याने अचानक लिटर बॉक्स (मांजराच्या शी-शूसाठीचा, लिटर म्हणजे वाळूसारखे दाणे भरलेला डबा) सोडला आणि गादी, कपड्यांचा ढीग, मऊ काही दिसेल तिथे शू करायला लागला. आधी पशुवैद्याकडे नेलं. लघवी करताना दुखत असेल तर मांजर त्या दुखण्याचा संबंध बॉक्सशी जोडतं आणि तो टाळतं. बोका सारखा बसतोय पण थेंबही येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं.

तपासणीत काही निघालं नाही. मग लक्ष ठेवलं, तर खरी भानगड कळली. हा झाकणाच्या बॉक्समध्ये शिरला की आमची भाटी दाराशी दबा धरून बसायची. आत-बाहेर करायला वाट एकच! झाकण काढून टाकलं. दोन मांजरांना तीन बॉक्स केले, तेही वेगवेगळ्या खोल्यांत. शेजारी-शेजारी ठेवलेले तीन म्हणजे मांजराच्या हिशेबी एकच. सुगंधी लिटर बंद करून बारीक, बिनवासाचं, गोळे होणारं आणलं. (तो सुगंध आपल्यासाठीच असतो.) घाण रोज दोनदा काढायची.

जुने डाग एन्झाइम क्लीनरने (लघवीचा वास मुळातून घालवणाऱ्या द्रावणाने) पुसले. अमोनिया असलेलं काही वापरू नका, त्याचा वास त्यांना लघवीसारखा वाटतो. ओरडण्यानेही काही साधत नाही. मांजर फक्त लपून करायला शिकतं.

सध्या बोका खिडकीजवळचा बॉक्स वापरतो, भाटी उरलेले दोन्ही.