युद्धकाळातल्या तेलवाहू जहाजाचा सेवापट जुळवताना

विटा, तासगाव, इस्लामपूर भागात माळ्यावरच्या ट्रंकेत कधीमधी पणजोबांचं खलाशी-पुस्तक सापडतं. जहाजाचं नाव वाचून लगेच शोधाशोध सुरू करू नका. आधी त्याच्याजवळ लिहिलेला ऑफिशियल नंबर बघा. ब्रिटिश नोंदणीत मालक बदलला, नाव बदललं, तरी हा नंबर तोच राहतो. नावावर मात्र भरवसा नाही. ब्रिटिश टँकर कंपनीच्या टँकरांची नावं 'ब्रिटिश' शब्दानेच सुरू होतात. पुसट शाईत 'ब्रिटिश जज' आणि 'ब्रिटिश एम्परर' यांतला दुसरा शब्द चुकला, की भलत्याच जहाजाचा इतिहास पदरी पडतो. पान ओलं करू नका. खिडकीच्या तिरप्या उजेडात फोटो काढा.

नंबर हाती लागला की त्या-त्या वर्षाच्या लॉइड्स रजिस्टरमधून, म्हणजे जहाजांच्या छापील वार्षिक यादीतून, बांधणीचं वर्ष, गोदी, मालक आणि टनेज उतरवा. इथे घोळ हमखास होतो. ग्रॉस टन हे आकारमान आहे, १०० घनफुटांना एक. डेडवेट मात्र जहाज वाहू शकतं ते वजन. टी-२ या युद्धकाळातल्या अमेरिकी जातीचा टँकर सुमारे १०,४०० ग्रॉस टनांचा, पण डेडवेट १६,६०० च्या घरात. दोन आकडे जुळत नाहीत म्हणून जहाजं दोन धरू नका.

आता फेऱ्या. लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात बीटी ३८९ या दस्तऐवज-मालिकेत १९३९ ते १९४५ ची हालचाल-कार्डं आहेत, बीटी ३८१ मध्ये खलाशांचे करार, आणि काफिल्यांची, म्हणजे संरक्षणात एकत्र जाणाऱ्या जहाजांच्या तांड्यांची, बरीच कागदपत्रं एडीएम १९९ मध्ये. कार्डावर काफिल्याचं संकेताक्षर बीपी दिसलं तर मुंबईहून इराणच्या आखाताकडे, पीबी म्हणजे उलटी फेरी. आखाताकडे जाताना टाक्यांत बहुधा समुद्राचं पाणीच, बॅलास्ट म्हणून, म्हणजे जहाज स्थिर राहावं यासाठी; तेल परतीला. प्रत्येक फेरीत 'तेल नेलं' असं ठोकून देऊ नका. तेल भरल्याची तारीख आणि जहाज सुटल्याची तारीखही एक नसते.

झेंडा बदललेला असेल तर कागद दोन देशांत विखुरतात. 'ओहायो' हे तेलवाहू जहाज १९४० मध्ये अमेरिकेत चेस्टरच्या गोदीत टेक्सास कंपनीसाठी बांधलं, १९४२ च्या मध्यात ब्रिटिश झेंड्याखाली आलं आणि १५ ऑगस्ट १९४२ ला मोडक्या अवस्थेत, विनाशिकांच्या आधाराने, माल्टाला पोचलं. बरेच जण सेवापट इथेच थांबवतात. जहाजाचे दोन तुकडे झाल्यावरही ते तिथे साठवणीसाठी वापरलं, आणि १९४६ मध्ये तोफा डागून बुडवलं. शेवटची नोंद ती.

माणूस शोधताना जिल्हा जपून वाचा. त्या काळी तासगाव, वाळवा, खानापूर सातारा जिल्ह्यात होते. सांगली आणि मिरज ही संस्थानं. दक्षिण सातारा १९४९ चा, त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळालं. त्यामुळे इंग्रजी नोंदीत 'सातारा' दिसला म्हणून माणूस साताऱ्याचाच, असं नाही. व्यापारी जहाजावरचा खलाशी फौजी नव्हता, म्हणून जिल्हा सैनिक कार्यालयात हेलपाटे घालण्याआधी पुस्तकावरचा मुंबईच्या शिपिंग मास्टरचा, म्हणजे खलाशांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचा, शिक्का पाहा.