दहा बाय वीसचा गाळा मांडताना या चुका टाळा

ठाण्यातला गोखले रोड असो, राम मारुती रोड असो की वाशीचं सेक्टर १७, नवीन दुकानाची मांडणी बहुतेक वेळा एकाच प्रश्नापासून सुरू होते: माल किती मावेल? भाडं चौरस फुटावर जातं, म्हणून मोकळी फरशी मालकाच्या डोळ्यांत खुपते. पण गिऱ्हाईक उभं राहतं, वळतं, वाकतं ते त्याच फरशीवर. आधी त्याची वाट आखा, मग उरलेल्या जागेत रॅक बसवा.

सगळ्यात महागात पडतो तो मधला रॅक. दहा फूट रुंदीच्या गाळ्यात दोन्ही भिंतींना सव्वा-सव्वा फुटाचे रॅक लावले की साडेसात फूट उरतात. मध्ये अडीच फुटांचा दुहेरी रॅक उभा केला की दोन्हीकडे फक्त अडीच फुटांची बोळ राहते. तिथे एखादी बाई खालच्या फळीवरचा डबा बघायला वाकली, मागून कुणाची पिशवी लागली, की ती डबा तिथेच ठेवून उठते. खालच्या फळीवरचा माल हलत नाही अशी तक्रार असेल तर दर उतरवण्याआधी टेप घ्या आणि बोळ मोजा. वाट तीन फुटांपेक्षा कमी नको; दोघांना एकमेकांना ओलांडून जायचं तर चार हवेत. व्हीलचेअरलाही किमान तीन लागतातच. एवढ्या गाळ्यात मधला रॅक नकोच. फार तर चाकांचं, कमरेएवढं छोटं टेबल ठेवा, दिवाळीच्या गर्दीत ते सरकवता येतं.

दारातच ऑफरचा स्टँड ठेवला तर तो कुणी बघत नाही. उन्हातून आलेल्या माणसाचे डोळे अजून सरावलेले नसतात, पावसाळ्यात तो छत्री मिटत असतो. आतले पहिले चार-पाच फूट मोकळे सोडा. जूनपासून तिथे पायपुसणं आणि छत्रीसाठी बादली लागतेच. चकचकीत टाइल्स ओल्या झाल्या की पाय घसरतो, दारात तरी मॅट फिनिशच्या घ्या.

माणसं आत शिरली की उजवीकडेच वळतात, असं सांगणारे बरेच भेटतील. त्यावर विसंबू नका. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर समोरच्या फुटपाथवर उभे राहा. स्टेशनकडून येणारी गर्दी कुठून येते, त्या बाजूने आधी काय दिसतं, ते बघा. नवा माल तिथे लावा आणि गल्ला शटर व आतलं दोन्ही दिसेल असा एका कडेला घ्या. दारात आडवा काउंटर किराणा मागून घेण्याच्या पद्धतीला ठीक होता. माल हातात घेऊन निवडायचा असेल तिथे तो गिऱ्हाइकाला बाहेरच थांबवतो.

कपड्यांच्या दुकानात बायका साडीचा खरा रंग बघायला ती घेऊन दाराशी येत असतील तर दोष दिव्यांचा आहे. साधारण ४००० केल्विनचे (म्हणजे ना फार पिवळ्या, ना निळसर उजेडाचे), सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचं शंभरपैकी माप) ९० किंवा त्याहून जास्त असलेले एलईडी घ्या आणि झोत फरशीवर नाही, मालावर पाडा.

वीजमीटर, एमसीबी (वीज आपोआप तोडणारे स्विच) आणि अग्निशामक नळकांड्यासमोर खोकी रचू नका.

सुताराला ॲडव्हान्स देण्याआधी आराखडा खडूने फरशीवर खऱ्या मापात काढा. रॅकच्या जागी पुठ्ठ्याची खोकी रचा, घरातल्या चौघांना एकदम आत सोडा आणि त्यातल्या एकाच्या दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या द्या. जिथे अडेल तिथलं माप तेव्हाच बदला.