तहानंतरचे शेजारी: पर्यायी इतिहासात युद्धोत्तर संबंध कसे रचायचे

पर्यायी इतिहास, म्हणजे ‘अमुक घटना वेगळी घडली असती तर’ अशी कथा, लिहिताना सगळा जोर लढाईवर खर्च होतो. कुठली पलटण कुठे वळली, कोणता निरोप उशिरा पोचला, याची दहा पानं होतात. तह झाला की मात्र ‘पुढे पन्नास वर्षं वैर धुमसत राहिलं’ एवढ्यावर काम उरकतं. वैर आपोआप धुमसत नाही, त्यात कुणीतरी सरपण सारावं लागतं. ते कोण सारतं आणि त्यातून त्याचं काय साधतं, हे ठरवता आलं की निम्मं काम झालं.

आधी इतिहासाला फाटा कुठे फुटतो ते एका ओळीत लिहा. दोन ओळी लागल्या तर दोन फाटे फुटलेत असं समजा आणि एक छाटा. नमुन्यादाखल हा घेऊ: फ्रान्स-प्रशिया युद्ध संपवणाऱ्या १८७१ च्या फ्रँकफर्टच्या तहात जर्मनीने फ्रान्सकडून अल्सास-लोरेन हा सीमेवरचा मुलूख घेतला नाही (प्रत्यक्षात घेतला होता). हे पटण्यासारखं आहे, कारण लोरेनमधलं मेट्झ शहर घेण्याबद्दल जर्मनीचा चॅन्सेलर बिस्मार्क स्वतः साशंक होता, आग्रह सेनापतींचा होता. शिवाय पाचच वर्षांपूर्वी, १८६६ मध्ये, ऑस्ट्रियाला हरवूनही त्याने प्रशियासाठी ऑस्ट्रियाची जमीन घेतली नव्हती. १८७९ मध्ये तेच दोन देश मित्र म्हणून करारावर सह्या करून मोकळे झाले. फाट्याला असा मागचा दाखला असला की वाचक कुरकुर करत नाही.

मग युद्ध नेमकं संपलं कसं ते ठरवा. तह, शस्त्रसंधी आणि शरणागती या तिन्हींतून वेगवेगळे शेजारी तयार होतात. कोरियात १९५३ मध्ये फक्त शस्त्रसंधी झाली, म्हणून आजही सीमेवर ४ किलोमीटर रुंदीचा निर्लष्करी पट्टा आहे. जपान आणि सोव्हिएत संघाने १९५६ मध्ये संयुक्त घोषणा करून युद्धस्थिती संपवली, पण कुरिल बेटांच्या वादामुळे शांतता करार झालाच नाही. ‘तह झाला’ असं सरसकट लिहिलंत तर हे सगळं हातचं जातं.

आता पहिल्या वर्षाची वही मांडा. सबंध कामातली सर्वांत मोलाची वस्तू हीच, तिला निदान दोन संध्याकाळी द्या. एका बाजूला सहा बाबी लिहा: युद्धकैदी, ताब्यातला मुलूख, खंडणी, पाणी आणि रेल्वे, सीमेवरच्या माणसांचं नागरिकत्व, अडकलेली मालमत्ता. प्रत्येक बाबीपुढे तीन रकाने: वस्तू कुणाच्या हातात आहे, ती कुणाला हवी आहे, आणि बदल्यात काय मागितलं जाईल. तिसरा रकाना कोरा ठेवू नका. १९७१ च्या युद्धानंतर भारताच्या ताब्यात सुमारे ९३ हजार कैदी होते. सिमला करार जुलै १९७२ मध्ये झाला, तरी कैद्यांच्या परतीचा करार व्हायला ऑगस्ट १९७३ उजाडलं आणि शेवटची तुकडी एप्रिल १९७४ मध्ये गेली. मध्ये गाठ बसली होती बांगलादेशच्या मान्यतेची आणि युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांची. कैदी सुटण्याची तारीख अशी भलत्याच बाबीला बांधलेली असते. तुमच्या वहीतही निदान एक अशी गाठ हवी.

आपल्या नमुन्यात खंडणीचा रकाना भरून पाहू. प्रत्यक्षात जर्मनीने आधी ६ अब्ज फ्रँक मागितले आणि ५ अब्जांवर तोड निघाली. पैसे मिळेपर्यंत जर्मन फौज फ्रान्सच्या ईशान्य भागात तळ ठोकून होती. फ्रान्सने कर्जरोखे काढले, त्यांवर लोकांच्या उड्या पडल्या, आणि सप्टेंबर १८७३ पर्यंत, मुदतीच्या आधीच, हिशेब चुकता करून फौज घालवली. जमीन सोडायची तर तुमचा बिस्मार्क ६ अब्जांवर अडून बसेल आणि मेट्झ, स्ट्रासबुर्गची तटबंदी पाडायला लावेल. म्हणजे फौज आणखी काही महिने राहील. त्या महिन्यांत काय घडतं हा तुमचा पहिला प्रसंग.

यानंतर खोडरबर हातात घ्या. अल्सास फ्रान्सकडेच राहिलं तर कोणत्या घटना पुसल्या जातात? १८८७ मध्ये श्नेबेले नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याला सीमेवर अटक झाल्याने युद्धाची वेळ आली होती. ती सीमाच आता तिथे नाही. १८७२ मध्ये फ्रेंच नागरिकत्व निवडणारं अल्सासमधल्या मुलहाउसचं ड्रेफस घराणं आता निवड करण्याच्या पेचात पडतच नाही, तेव्हा धाकटा आल्फ्रेड (प्रत्यक्षात फ्रेंच लष्करात असताना हेरगिरीच्या खोट्या आरोपात अडकलेला) लष्करात न जाता बापाची कापडगिरणी सांभाळेल. उलट काही गोष्टी तशाच उरतात. बिस्मार्क १८९० मध्ये पायउतार झाला आणि रशियाशी असलेल्या कराराचं नूतनीकरण झालं नाही, त्याची कारणं अल्सासमध्ये नव्हती. एकटा पडलेला रशिया फ्रान्सकडे वळणारच, त्यामुळे फ्रान्स-रशिया जवळीक पूर्णपणे पुसू नका, फक्त तिची धार बोथट करा.

पुसून झालं की नवं भांडण शोधा, आणि ते जुन्यापेक्षा वेगळं असू द्या. लोरेनच्या लोहखनिजात फॉस्फरस जास्त, म्हणून चांगल्या पोलादाला ते फारसं चालत नसे. १८७९ च्या सुमारास फॉस्फरस काढून टाकणारी थॉमस यांची पद्धत आली आणि तेच खनिज सोन्याच्या मोलाचं झालं. नेमक्या त्याच वर्षी जर्मनीने आयात शुल्क वाढवलं. आता चित्र पाहा: खनिज फ्रान्सच्या हद्दीत, दगडी कोळसा पलीकडे सार आणि रूरमध्ये, आणि फ्रँकफर्टच्या तहाचं ११ वं कलम दोघांना कायमची सर्वाधिक अनुकूल राष्ट्राची वागणूक देतं, म्हणजे तिसऱ्याला दिलेली व्यापारी सवलत एकमेकांनाही द्यावी लागते. तुमचं नवं वैर मालगाडीच्या वाघिणींच्या भाड्यावरून आणि कोकच्या (भट्टीसाठी भाजलेल्या दगडी कोळशाच्या) दरावरून पेटेल. झेंड्यांच्या वैरापेक्षा ते लिहायला अवघड आहे, पण वाचायला अधिक खरं वाटतं.

दोन्हीकडे ‘फ्रान्सला वाटलं’, ‘जर्मनी चिडला’ असं लिहिणं टाळा. प्रत्येक देशात निदान तीन तोंडं हवीत. जर्मनीत फ्रान्सपासून संरक्षण मागणारं बव्हेरिया, स्वस्त खनिज मागणारे पोलाद कारखानदार आणि बोलभांड सेनापती. फ्रान्समध्ये सूडाची भाषा करून लोकप्रिय झालेल्या जनरल बुलांजेसारख्याला आता सूडासाठी अल्सास मिळणार नाही. तो पाडलेल्या तटबंदीचं भांडवल करेल.

समेटाचा वेग ठरवताना खऱ्या तारखा शेजारी ठेवा. प्रशिया-ऑस्ट्रियाला १३ वर्षं लागली, अमेरिका-व्हिएतनामला १९७५ ते १९९५ अशी वीस, इजिप्त-इस्रायलला १९७३ ते १९७९ अशी सहा. फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी १९५१ मध्येच कोळसा-पोलाद समुदायात एकत्र बसले. जिथे समोर तिसरा भिववणारा आहे किंवा दोघांना एकाच तिजोरीतून पैसा हवा आहे, तिथे घाई होते. तरी शेपूट उरतंच: इजिप्त-इस्रायलमध्ये ताबा नावाच्या गावाजवळच्या चिमुकल्या तुकड्याचा वाद १९८९ पर्यंत चालला.

हमखास चुकणारी जागा म्हणजे विजेत्याला बारमाही बळ देणं. पानिपत जिंकूनही अब्दालीला दोन-अडीच महिन्यांत दिल्ली सोडावी लागली, कारण सैन्याचा पगार थकला होता. दहा वर्षांत मराठे पुन्हा दिल्लीत होते. दुसरी चूक, फाट्यानंतरही १९१४ चं युद्ध ठरल्या महिन्यात घडवणं.

सगळं जमलं का ते तपासायला एक सरकारी कागद लिहा. उदाहरणार्थ फोरबाखच्या सीमा स्टेशनावरची १८८१ ची जकातीची पावती: किती वाघिणी, कुठल्या खाणीचा माल, शुल्क मार्कात घेतलं की फ्रँकमध्ये, वजनावरून वाद झाला तर काटा कुणाचा धरायचा. ज्या रकान्याशी पेन थांबेल, तिथे वहीतली ती बाब पुन्हा उघडा.