एसएसएच किल्लीचे नाव बदलले आणि सर्व्हरने प्रवेश नाकारला

सर्व्हरची कामे नव्याने हाती आली तेव्हा, एसएसएचने (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे प्रवेश करण्याच्या साधनाने) लॉगिन करताना पासवर्डऐवजी लागणारी किल्ली, म्हणजे फाइलींची जोडी, प्रत्येक कामासाठी निराळी असावी या विचाराने, मी एका किल्लीला नेहमीचे नाव न देता माझ्या सोयीचे नाव दिले. पब्लिक की (जोडीतील सर्व्हरला द्यायचा भाग) सर्व्हरवरील ऑथोराइज्ड कीज या फाइलमध्ये नीट नोंदवली होती, तरीही 'परमिशन डिनाइड' हेच उत्तर येत राहिले. मी दोनदा नवी किल्ली तयार केली आणि दोन्ही वेळचे श्रम वाया गेले, कारण एसएसएच आपणहून केवळ आयडी आरएसए, आयडी ईडी२५५१९ अशा ठरावीक नावांच्याच फाइली शोधते. निराळ्या नावाची फाइल आज्ञेत 'डॅश आय' देऊन किंवा कॉन्फिग फाइलमधील 'आयडेंटिटी फाइल' या ओळीने दाखवावी लागते. दाखवायची ती प्रायव्हेट की, म्हणजे आपल्याकडेच ठेवायचा गुप्त भाग. पब या विस्ताराची फाइल नव्हे.

काही महिन्यांनी फाइल दाखवूनही 'टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स' असे आले. या वेळी मी नवी किल्ली न बनवता तपशील दाखवणारा 'डॅश व्ही' लावून आज्ञा पुन्हा चालवली. 'ऑफरिंग पब्लिक की' हे शब्द असलेल्या सहा ओळी दिसल्या आणि त्यांत माझी किल्ली कुठेच नव्हती. एजंटमध्ये (किल्ल्या स्मरणात ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये) साठलेल्या जुन्या किल्ल्या आधी पुढे केल्या जात होत्या, आणि सर्व्हरची प्रयत्नांची मर्यादा, जी मुळात ६ असते, माझ्या किल्लीची पाळी येण्यापूर्वीच संपत होती. कॉन्फिगमध्ये त्या सर्व्हरच्या नोंदीखाली 'आयडेंटिटीज ओन्ली येस' (म्हणजे नेमून दिलेल्याच किल्ल्या वापर) लिहिताच पहिल्याच प्रयत्नात प्रवेश मिळाला.

म्हणून नवोदितांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की आधी 'डॅश व्ही'ने दिसणाऱ्या या ओळी वाचाव्यात. आपली किल्ली पुढे केलीच गेली नसेल, तर दोष आपल्या संगणकावर शोधावा. ती पुढे जाऊनही नाकारली गेली असेल, तर सर्व्हरकडे वळावे. तेथे बहुधा फाइली-डिरेक्टरींच्या परवानग्या (कोणाला वाचता-लिहिता येईल याचे नियम) आडव्या येतात. होम डिरेक्टरीत (सर्व्हरवरील आपल्या खात्याच्या मुख्य फोल्डरात) इतरांना लिहिता येत असेल, तर कोणीही स्वतःची किल्ली त्यात घुसवू शकेल, म्हणून सर्व्हर ऑथोराइज्ड कीजमधील नोंदच मानत नाही. मात्र हे कारण तो आपल्याला न कळवता स्वतःच्या लॉगमध्ये लिहितो. ऑथोराइज्ड कीज जिच्यात असते त्या डॉट एसएसएच डिरेक्टरीला ७०० (फक्त मालकाला पूर्ण मुभा), ऑथोराइज्ड कीजला ६०० (फक्त मालकाला वाचण्या-लिहिण्याची मुभा) आणि आपल्या बाजूच्या प्रायव्हेट कीलाही ६०० ठेवावे. सुडो (रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून आज्ञा चालवण्याची सोय) लावून एसएसएच चालवल्यास किल्ल्या सहसा रूटच्या डिरेक्टरीत शोधल्या जातात, हेही ध्यानात असावे. हे बदल करताना सर्व्हरवरील आधीचे एक सत्र उघडे ठेवावे आणि नव्या खिडकीतून लॉगिन झाल्याची खात्री पटल्यावरच ते बंद करावे.