मॅस्कॉटमधला अर्थ कसा ओळखायचा

मोठ्या क्रीडास्पर्धेचा मॅस्कॉट (म्हणजे शुभंकर) दिसला की आधी नावं मोठ्याने वाचा, अर्धं कोडं तिथेच सुटतं. बीजिंग २००८ ऑलिम्पिकचे फुवा नावाचे पाच मॅस्कॉट घ्या: बेइबेइ, जिंगजिंग, हुआनहुआन, यिंगयिंग, नीनी, प्रत्येकातला एकच तुकडा घेऊन जोडला की 'बेइजिंग हुआनयिंग नी' होतं, म्हणजे बीजिंग तुमचं स्वागत करतंय! मग डोक्यावर काय आहे ते बघा. पॅरिस २०२४ चा फ्रीज (हो, नाव वाचून मलाही आधी स्वयंपाकघरच आठवलं) म्हणजे आख्खी लाल टोपीच, फ्रेंच राज्यक्रांतीतली स्वातंत्र्याची खूण, आणि पॅरालिम्पिकवाल्याच्या एका पायाला धावायचं ब्लेड (कृत्रिम पाय) आहे ते झूम करून बघाच. प्राणी असेल तर फार डोकं लावू नका, बहुतेकदा तो त्या देशाचा ओळखीचाच असतो, दिल्ली २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेचा शेरा वाघ होता तसा.