चित्रपुस्तकावर लघुपट करताना या चुका टाळा

डी.एल.एड. किंवा बी.एड.च्या वर्गात चित्रपुस्तकाचा अभ्यास लघुपटातून करायचे ठरले, की पहिली चूक बहुधा पटकथेतच होते. छात्राध्यापक पुस्तकातील मजकुराचे निवेदन करतात आणि मोबाइलवर टिपलेली पाने त्याला जोडतात. परिणामी चित्रांनी शब्दांना वगळून जे सांगितले आहे, ते अभ्यासातून निसटते. याहून मोठी चूक म्हणजे ते निवेदनात सांगून टाकणे. पॅट हचिन्स यांच्या १९६८ मधील ‘रोझीज वॉक’ या पुस्तकाचे शब्द फक्त कोंबडीच्या फेरफटक्याविषयी बोलतात; तिच्या मागावर असलेला आणि दर वेळी फजीत होणारा कोल्हा केवळ चित्रांत आहे. ‘कोल्हा मागे लागला’ एवढे एक वाक्य निवेदकाने जोडले, तरी कोल्हा स्वतः हेरणाऱ्या मुलाचा आनंद संपतो. म्हणून चित्रीकरणापूर्वी प्रत्येक पानासाठी शब्दांचा आणि चित्राचा असे दोन रकाने भरावेत, आणि जे केवळ दुसऱ्या रकान्यात आहे त्याला निवेदनात जागा देऊ नये.

पान कधी उलटायचे हे पुस्तकात वाचक ठरवतो. लघुपटात तो अधिकार संकलन करणाऱ्याकडे जातो. सर्व पानांना सारखाच वेळ दिला, तर उत्कंठेचे पान आणि विसाव्याचे पान यांतला फरक पुसला जातो. एकच पानउलट तीन वेगवेगळ्या अवधींत संकलित करून वर्गात दाखवावी. चर्चा आपोआप पुस्तकाच्या रचनेकडे वळते. झूमचा मोहही आवरावा, कारण समोरासमोरची दोन्ही पाने आधी पूर्ण दिसली नाहीत, तर नजरेने शोधण्यासारखे काही उरत नाही. पार्श्वसंगीताबाबत तर माझे मत कठोर आहे: पहिल्या खर्ड्यात ते नसावेच.

गुळगुळीत कागदावर चकाकी येत असल्यास फ्लॅश बंद करून खिडकीतून बाजूने येणारा उजेड घ्यावा.

वर्गापुरता केलेला लघुपट यूट्यूबवर टाकण्यापूर्वी हक्कधारकाची परवानगी घ्यावी. प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरील मुक्त परवान्याची पुस्तके निवडल्यास, लेखक व चित्रकारांना श्रेय देऊन, हे काम सोपे होते.

मूल्यमापनात सफाईदार संकलनालाच गुण मिळू लागले, तर मोबाइल उत्तम हाताळणारा गट पुढे जातो आणि पुस्तक बारकाईने वाचणारा मागे पडतो. त्यामुळे लघुपटासोबत प्रत्येक गटाकडून एक पानी टिपण मागावे, ज्यात किमान दोन दृश्यनिर्णयांची (कोणते चित्र कसे व किती वेळ दाखवले, याची) कारणे पुस्तकातील नेमक्या चित्राचा आधार देऊन लिहिलेली असतील.