पुरस्कारप्राप्त शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा शाळेतील सत्कार कसा योजावा

माध्यमिक शाळेतील एखाद्या शिक्षकाला राज्य पुरस्कार जाहीर होतो, किंवा प्रयोगशाळा परिचराने तयार केलेले शैक्षणिक साहित्य विज्ञान प्रदर्शनात जिल्हा पातळीवर निवडले जाते, आणि शाळेत सत्काराची धावपळ सुरू होते. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, पाहुणे आणि फलक यांची यादी तासाभरात तयार होते. परंतु ज्या कामासाठी हा मान मिळाला ते काम नेमके काय होते, हे समारंभानंतर आठवीच्या विद्यार्थ्याला विचारले तर त्याला बहुधा सांगता येत नाही. म्हणून तयारीची सुरुवात कामाची माहिती गोळा करण्यापासून करावी. बाकीचे सामान आदल्या दिवशीही बाजारात मिळते.

सर्वप्रथम पुरस्काराचे नाव आणि तो देणारी संस्था प्रमाणपत्रावरून पडताळून घ्यावी. राष्ट्रीय शिक्षक पुरस्काराची परंपरा 1958 पासूनची असून तो केंद्राच्या शिक्षण मंत्रालयातर्फे दिला जातो, तर महाराष्ट्र शासनाच्या पुरस्काराला आता ‘क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले राज्य शिक्षक गुणगौरव पुरस्कार’ असे नाव आहे. बोलण्यात मात्र तो अजूनही ‘आदर्श शिक्षक पुरस्कार’च असतो आणि तेच नाव नकळत फलकावर उतरते. जिल्हा परिषदेचे आणि शिक्षक संघटनांचे पुरस्कारही त्यांच्या नेमक्या नावानेच लिहावेत. ‘नोंदणी शुल्क’ भरून घेऊन घाऊक भावाने पुरस्कार वाटणाऱ्या मंडळांचा सुळसुळाट अलीकडे झाला आहे. अशा पुरस्काराला शासकीय पुरस्काराच्या पंक्तीला बसवल्यास खऱ्या मानकऱ्याचे मोल कमी होते, हे मुख्याध्यापकांनी स्पष्टपणे, पण चारचौघांत नव्हे, संबंधितांना सांगावे.

सत्कारमूर्तींची यादी करताना केवळ शिक्षकदालनाकडे पाहू नये. ग्रंथपाल, लिपिक, प्रयोगशाळा परिचर, शिपाई यांच्या वाट्याला पुरस्कारच मुळात कमी येतात. शिवाय आलेला पुरस्कार ते स्वतःहून कार्यालयात सांगतीलच असे नाही. त्यामुळे वर्षभरातील मानसन्मानांची एक साधी नोंदवही पर्यवेक्षकांकडे असावी आणि प्रमाणपत्राची प्रत तिला जोडून ठेवावी.

या साऱ्या तयारीत सर्वाधिक वेळ मानपत्राला द्यावा, कारण शाल कपाटात जाते आणि मानपत्र भिंतीवर राहते. ते लिहिण्याचे काम मराठीच्या शिक्षकांवर आदल्या रात्री सोपवण्याची प्रथा बंद करून किमान दोन आठवडे आधी ते एका व्यक्तीकडे द्यावे. त्या व्यक्तीने सत्कारमूर्तींशी निवांत बोलावे, त्यांच्या दोन-तीन सहकाऱ्यांना आणि माजी विद्यार्थ्यांना गाठावे, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा: त्यांनी केलेली कोणती गोष्ट तुम्हाला आठवते? ‘अष्टपैलू व्यक्तिमत्त्व’, ‘ज्ञानदानाचे पवित्र कार्य’, ‘विद्यार्थीप्रिय’ असे शब्द कोणत्याही मानपत्रात बसतात. म्हणूनच ते याच एका व्यक्तीविषयी काहीही सांगत नाहीत. त्यांच्याऐवजी असे एखादे वाक्य यावे: ‘प्रयोगशाळेतील फुटकी उपकरणे भंगारात न टाकता आपण त्यांचे भाग वेगळे केले, त्यांतून प्रकाशाच्या परावर्तनाचा संच तयार केला, आणि नववीच्या प्रत्येक तुकडीला तो हाताळता यावा म्हणून त्याच्या आणखी तीन प्रती केल्या.’ हे वाक्य ऐकल्यावर टाळ्या कशासाठी वाजवायच्या, ते मुलांना कळते.

मानपत्र सत्कारमूर्तींना उद्देशून, ‘आपण’ या संबोधनाने लिहावे आणि ते दीडशे ते दोनशे शब्दांत संपवावे, म्हणजे वाचन दोन मिनिटांत होते. मजकूर छपाईला देण्यापूर्वी नाव, पदनाम आणि सेवेची वर्षे कार्यालयातील नोंदींशी ताडून घ्यावीत, आणि नावातील ऱ्हस्व-दीर्घ खुद्द सत्कारमूर्तींकडून तपासून घ्यावेत. चौकटीत बसवलेल्या मानपत्रावर स्वतःचेच नाव चुकलेले पाहण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

दिवस ठरवताना 5 सप्टेंबर सर्वांनाच सुचतो, परंतु त्या दिवशी अनेक शाळांत नववी-दहावीची मुलेच तास घेतात आणि गणपतीही जवळपास असतात. 2025 मध्ये तर दुसऱ्याच दिवशी अनंत चतुर्दशी होती. 3 जानेवारी, म्हणजे सावित्रीबाई फुले यांची जयंती, हा तितकाच अर्थपूर्ण दिवस आहे. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळेने सकाळचे सत्र सुटण्याची आणि दुपारचे भरण्याची वेळ साधल्यास दोन्हीकडील शिक्षक उपस्थित राहू शकतात. खर्चासाठी विद्यार्थ्यांकडून वर्गणी गोळा करू नये. माजी विद्यार्थी संघ असा खर्च बहुधा आनंदाने उचलतो.

व्यासपीठावर शिक्षक आणि शिपाई यांना एकाच प्रतीची शाल आणि एकाच आकाराचे सन्मानचिन्ह द्यावे. मधल्या खुर्च्या सत्कारमूर्तींच्या असाव्यात, आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी पहिली रांग राखून ठेवावी. औक्षण करायचे असल्यास आधी विचारावे, कारण सर्वांनाच ते रुचेल असे नाही. महिला सत्कारमूर्तींची ओटी भरण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तिच्यामुळे विधवा किंवा अविवाहित शिक्षिकेला भर सभेत अवघडल्यासारखे होऊ शकते, म्हणून शाळेच्या कार्यक्रमात ती टाळलेलीच बरी. पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक देताना ते त्या व्यक्तीच्या आवडीचे निवडावे, ग्रंथालयातील जादा प्रत नव्हे.

प्रास्ताविक पाच मिनिटांत आटोपावे आणि पाहुण्यांनाही वेळेची मर्यादा निमंत्रणपत्रातच नम्रपणे कळवावी. वाचलेला वेळ सत्काराच्या उत्तराला द्यावा, कारण ज्यांच्या मदतीने काम झाले त्यांची नावे घेण्याची सत्कारमूर्तींची ती एकमेव संधी असते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले, तेव्हा त्यांनी पुरस्काराची निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे जाहीर केले होते. आपल्या समारंभात रक्कम वाटायची नसते. दोन-चार नावे घ्यायची असतात, आणि तेवढा अवधी मिळायला हवा.

समारंभानंतर मानपत्राची एक प्रत शाळेच्या दप्तरी ठेवावी, एक वार्षिक अंकासाठी द्यावी, आणि सत्कारमूर्तींचे काम एखाद्या तासाला प्रात्यक्षिकासह मुलांना दाखवावे. सत्कार शिपायांचा असेल तर खुर्च्या मांडणे, पाणी देणे आणि मधल्या सुटीची घंटा वाजवणे ही त्यांची त्या दिवसाची कामे कोण करणार, हे आदल्या दिवशीच नावानिशी फळ्यावर लिहून ठेवावे. नाहीतर गळ्यात हार असतानाच ते सवयीने घंटेकडे निघतात.